जुन्या एमटीबीची (माउंटन बाइकची) फ्रेम घरी रंगवताय? या चुका टाळा

पाऊस सरला की दरवर्षी मला तेच फोटो येतात. पोपडे धरलेली नळी, सुरकुतलेला निळा रंग आणि खाली प्रश्न: 'काका, स्प्रेचा डबा खराब निघाला का?' डबा बहुतेक वेळा चांगलाच असतो.

मुळात प्रत्येक फ्रेमचा रंग काढावा लागत नाही. कारखान्यातला रंग भट्टीत भाजून पक्का केलेला असतो, त्याच्या तोडीचं अस्तर तुम्हाला घरी मारता येणार नाही. रंग फिका पडलाय, ओरखडे आलेत, एवढंच असेल तर ४०० नंबरच्या वॉटर पेपरने त्याची चकाकी मोडा, गंज असेल तेवढीच जागा धातूपर्यंत घासा, तिथे प्रायमर लावा आणि रंग मारा. पण लखलखीत उघड्या फ्रेमचे व्हिडिओ बघून आलेल्यांना हे सांगितलं की त्यांचे चेहरे पडतात.

रंग सुटलाच असेल आणि काढायचाच असेल, तर ग्राइंडर कपाटात ठेवा. आमच्या सोसायटीतल्या एका मुलाला नात्यात कुणाकडून तरी नव्वदच्या दशकातली क्रोमोलीची, म्हणजे मिश्रधातूच्या स्टीलची फ्रेम मिळाली. पोरगं हौशी. ग्राइंडरला फ्लॅप डिस्क लावली आणि फ्रेम घेऊन माझ्याकडे हजर. "काका, एका संध्याकाळीत साफ! वेल्डिंगचे ते ओबडधोबड मणीपण घासून टाकले. बघा किती गुळगुळीत झालंय." खरंच गुळगुळीत झालं होतं. म्हणजे हेडट्यूबच्या (हँडलखालच्या आखूड नळीच्या) ज्या सांध्यावर पुढच्या चाकाच्या चिमट्याचे सगळे दणके येतात, त्याचीच ताकद त्याने घासून जमिनीवर पाडली होती. शिवाय अशा बटेड नळ्या आतून मुद्दाम कमीजास्त जाडीच्या केलेल्या असतात. टोकाला ०.९ मिमी असेल तर मधे ०.६, आणि बाहेरून ते अजिबात कळत नाही. त्यातून डिस्कने किती खाल्लं, कोण सांगणार? मी त्याला म्हटलं, "अरे, भिंतीवर टांग आता. ही घेऊन सिंहगडावरून उतरलास तर तुझ्या आईला मी काय सांगू?" रागावला. रागावू दे.

माझी पद्धत कंटाळवाणी आहे. पेंट रिमूव्हरचा जाड थर ब्रशने लावतो, वाळू नये म्हणून वर प्लॅस्टिक गुंडाळतो आणि तिथून निघून जातो. रंग फुगून वर आला की बाद झालेल्या एटीएम कार्डाने खरवडतो. पहिल्या वेळी सगळा निघत नाही, पुन्हा लावतो. हे काम गच्चीवर, उघड्या हवेत करायचं, बाथरूममध्ये नाही. जाड रबरी हातमोजे हवेत, डॉक्टरांचे पातळ मोजे यात टिकत नाहीत.

त्याआधी फ्रेमला चुंबक लावून बघा. चिकटला तर स्टील. नाही चिकटला तर बहुधा ॲल्युमिनियम, आणि मग कॉस्टिक सोडा किंवा नाली साफ करायची पावडर चुकूनही नको. ती रंगाबरोबर धातूही खाते आणि वर हायड्रोजन सोडते. ॲल्युमिनियमवर साधं प्रायमरही धरत नाही, धातूला किंचित खाऊन धरणारं 'एच' (etch) प्रायमरच लागतं. सुरुवातीला सांगितलेले पोपडे बऱ्याचदा इथूनच येतात. कार्बनची फ्रेम असेल तर रिमूव्हर विसरा.

बॉटम ब्रॅकेट (पेडलच्या आसाचा फ्रेममधला बेअरिंगचा भाग) काढताना उजव्या, म्हणजे चेनच्या बाजूच्या कपाचे आटे बहुतेक एमटीबींमध्ये उलटे असतात. तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सुटतो. पान्याला पाइप लावून लटकण्याआधी एवढं आठवा.

उघडं स्टील पाण्याने धुऊन रात्रभर ठेवू नका. सकाळपर्यंत तांबूस होतं.

रॉकेलने पुसू नका. तेलकटपणा राहतो आणि रंगात फिश आय, म्हणजे गोल खळगे पडतात.

पावसाळ्यात रंगवू नका, लॅकर पांढुरकं पडतं. भर दुपारच्या उन्हातही नको.

तळाशी कोरलेला फ्रेम नंबर लांबी (पुट्टी) भरून बुजवू नका. सायकल चोरीला गेली तर ओळख तीच.

आता सुरकुत्या. डब्याच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की दुसरा हात अमुक वेळेच्या आत मारा, नाहीतर एकदम दुसऱ्या दिवशी किंवा त्याहून उशिरा. लोकांना वाटतं, मधली वेळ चालेल, हाताला तर कोरडं लागतंय. वरची साय कोरडी असते, खाली रंग कच्चा असतो. नव्या हातातलं थिनर त्या सायीत शिरतं, ती फुगते आणि आक्रसते. मग सगळं घासून पुन्हा सुरुवात. पातळ हात मारा आणि डब्यावर लिहिलंय तेवढं थांबा. एवढा धीर नसेल तर पावडर कोटिंगवाल्याकडे द्या. त्यात कमीपणा नाही, उलट टिकतं जास्त.

टू-के क्लिअर (हार्डनर मिसळून मारायचा पारदर्शक थर) वापरणाऱ्यांनी कापडी मास्कवर भागवू नये. त्यात आयसोसायनेट असतं, ते फुप्फुसात जातं. हवा पुरवणारा मास्क आणि नीट बूथ नसेल तर ते काम गॅरेजमधल्या पेंटरचं.

रंगाआधी आटे झाका. बॉटम ब्रॅकेटमध्ये जुने कप फिरवून ठेवा. हेडट्यूबमध्ये कागदाची गुंडाळी आणि डिस्क ब्रेकच्या माउंटवर टेप. तिथे रंगाचा थर चढला की कॅलिपर (ब्रेकची पकड) तिरका बसतो आणि मग तुम्ही रोटरला (ब्रेकच्या चकतीला) शिव्या देता.

जोडणीची घाई नको. रंग बॉटम ब्रॅकेटच्या खालच्या बाजूला, जिथे कुणी बघत नाही, तिथे नखाने दाबून बघा. वळ उमटला तर फ्रेम अजून टांगलेलीच राहू दे. सीटची क्लॅम्प कच्च्या रंगावर आवळली की रंग तिच्याबरोबर निघून येतो. आणि केबल हेडट्यूबला घासते तिथे पारदर्शक टेपचा तुकडा आधीच लावून ठेवा.