मुंबईत एका दिवसात चार तऱ्हेचं खायचं तर

वार आधी ठरवा, ठिकाणं नंतर. पहिला थांबा, माटुंग्याचं दाक्षिणात्य कॅफे मद्रास, सोमवारी बंद असतं. रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक (रुळांच्या कामासाठी गाड्या रोखणं) बहुतेक वेळा माटुंगा-मुलुंडच्याच पट्ट्यात पडतो, आणि सुटीच्या सकाळी दाराशी नाव लिहून ताटकळावं लागतं ते वेगळंच. मंगळवार ते शुक्रवार उत्तम.

मग माणसं जमवा, शक्यतो चार. या शहरात पैशांआधी पोट संपतं. एकटा माणूस दुपारपर्यंत हात टेकतो. प्रत्येक पदार्थ एकच मागवून चौघांत वाटला, की संध्याकाळपर्यंत भूक टिकते. माणशी ५०० रुपये धरा. यूपीआय बहुतेक ठिकाणी चालतं, तरी १०-२०-५०च्या नोटा आणि पाण्याची बाटली जवळ असू द्या. लोकलचं तिकीट मोबाइलवर काढणार असाल तर स्टेशनात शिरण्याआधी काढा.

साडेसातच्या सुमाराला माटुंगा गाठा. इथे स्लो गाडीच थांबते. पश्चिम रेल्वेचं माटुंगा रोड वेगळं. चुकून तिथे उतरलात तर पूल ओलांडून पायपीट आलीच. साधी इडली कुठेही मिळते, कॅफे मद्रासमध्ये रसम वडा आणि नाचणीचा डोसा मागवा, वर फिल्टर कॉफी. सांबार पुन्हा पुन्हा मागवू नका, दुपारची जागा तेच खातं.

अकराच्या सुमारास, ऑफिसची गर्दी ओसरल्यावर, एक स्टेशन पुढे दादर. पश्चिमेला बाहेर पडून गोखले रोडवरच्या प्रकाश या मराठी उपाहारगृहाकडे चालतच जा. साबुदाणा वडा गरम असतानाच फोडा, गार झाला की चिवट लागतो. पियुष मात्र दोघांत एकच ग्लास, कारण त्यात श्रीखंड असतं आणि ते जेवणाइतकं जड पडतं. यानंतर तीन-चार तास काही खाऊ नका. ही विश्रांती गाळली, की संध्याकाळचा बेत हमखास फसतो.

चारच्या सुमारास पश्चिम रेल्वेने मरीन लाइन्स, तिथून धोबी तलावाचं कयानी, १९०४ सालचं इराणी कॅफे. लोणी लावलेल्या पावांपैकी बन मस्का मऊ, ब्रुन मस्का कडक. दात दुखत असेल तर ब्रुन चहात बुडवूनच खावा. मांसाहार चालत असेल तर खिमा-पाव. मावा केक बांधून घ्या, त्यासाठी पिशवीत स्टीलचा डबा हवा. कागदात त्याचा भुगा होतो.

अंधार पडल्यावर क्रॉफर्ड मार्केटवरून मोहम्मद अली रोडला पायीच निघा, तेवढंच पचतं. रमजानच्या रात्री मिनारा मशिदीची गल्ली तुडुंब असते, बरेचसे ठेले त्याच महिन्यात लागतात. एरवी पक्की दुकानं धरा. सीख कबाब एक प्लेट, मग मालपुवा. तो ताटभर मोठा, चौघांना एक पुरतो. पण त्यात अंडं असतं, तेव्हा न खाणाऱ्यांनी आधी विचारावं. त्यांच्यासाठी मातीच्या कसोऱ्यातली फिरनी आहे. ती तिथेच संपवा, बांधून नेली तर वाटेत पाणी सुटतं.