बसची वेळ दाखवणारा बोर्ड बनवताय? या चुका टाळा

अंतिम वर्षाच्या प्रोजेक्टचा हंगाम सुरू झाला की मला एकाच छापाचे मेसेज यायला लागतात. ‘सर, बसचा लाइव्ह डिस्प्ले केलाय, पण वेळ चुकतेय.’ सोबत फोटो असतो: ईएसपी३२ (वायफाय असलेला छोटा कंट्रोलर), ब्रेडबोर्डवर तारांचा गुंता, लाल पी१० एलईडी पॅनल आणि त्यावर ऐटीत झळकणारे ‘५ मि.’ मी विचारतो, हे पाच आले कुठून? उत्तर ठरलेलं, ‘एपीआयमधून.’ नीट पाहिलं की कळतं, एपीआयने, म्हणजे डेटा पुरवणाऱ्या सेवेने, पाच दिलेलेच नव्हते. त्याने दुसरंच काहीतरी दिलं होतं, त्याचे पाच यांच्या कोडने केले.

सरावाला बरीच मुलं दिल्लीचा डेटा घेतात आणि ते ठीकच आहे. दिल्ली सरकारने आयआयआयटी-दिल्लीच्या मदतीने २०१८ मध्ये ओपन ट्रान्झिट डेटा सुरू केलं. नोंदणी करून एपीआय-की (डेटा मागण्यासाठीचा आपला खासगी संकेत) घेतली की थांबे, मार्ग, वेळापत्रक आणि धावत्या बसगाड्यांच्या ताज्या जागा मिळतात. सगळं जीटीएफएस या, वाहतुकीचा डेटा लिहिण्याच्या ठरलेल्या साच्यात. पोर्टलंडच्या ट्रायमेट या वाहतूक संस्थेने आणि गूगलने २००५ मध्ये सुरू केलेला हा साचा आता जगभर चालतो. त्याचा रिअलटाइम भाग २०११ मध्ये आला. त्यात तीन प्रकारचा मजकूर असू शकतो: गाडी आत्ता कुठे आहे, गाडी कोणत्या थांब्यावर कधी पोहोचेल, आणि प्रवाशांसाठी सूचना. दिल्लीच्या खुल्या फीडमध्ये (सतत ताज्या होणाऱ्या डेटामध्ये) पहिला प्रकार मिळतो. म्हणजे गाडी कुठे आहे ते कळतं, कधी येईल ते तुम्हीच काढायचं. एवढं न वाचता कोड लिहायला बसणाऱ्यांची संख्या पाहून मी आता चकित व्हायचं सोडून दिलंय.

सरळ रेषेत अंतर मोजणे

ही माझी सगळ्यात नावडती चूक. बसचे अक्षांश-रेखांश घ्यायचे, थांब्याचे घ्यायचे, हॅवरसाइनच्या (दोन बिंदूंमधलं थेट अंतर देणाऱ्या) सूत्रात घालायचे, अंतराला ताशी वीस किलोमीटरने भागायचं, झालं. दहा ओळींचा कोड, डेमोला पाच मिनिटं छान चालतो.

माझा भाचा नोकरीसाठी दिल्लीत राहतो. त्याने हेच करून इमारतीच्या दारात एक बोर्ड लावला. घरमालक काकांना केवढं कौतुक! दोन दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होते. तिसऱ्या दिवशी ते स्वतः बोर्ड बघून खाली उतरले. बोर्डावर २ मिनिटं होती. मग ३ झाली. मग ४. मग ६. काकांनी शांतपणे विचारलं, ‘तुझी बस रिव्हर्समध्ये येते का?’ भाच्याने मला फोन लावला, ‘मामा, जीपीएस खराब आहे बहुतेक.’ जीपीएस ठणठणीत होतं. बस थांबा सोडून पुढे निघून गेली होती आणि हा तिचं वाढत जाणारं अंतर इमानेइतबारे मोजत बसला होता.

तिथेच दुसरी भानगडही निघाली. समोरच्या फुटपाथवरचा थांबा त्याच नावाचा आहे, आणि याने थांबा नावावरून शोधला होता. त्यामुळे उलट्या दिशेच्या गाड्याही यादीत आल्या होत्या. रस्त्याच्या दोन बाजूंच्या थांब्यांना वेगवेगळे स्टॉप आयडी असतात. नाव सोडा, आयडी धरा, आणि तो आयडी नकाशावर टाकून आपल्याच बाजूचा आहे ना हे डोळ्यांनी बघा. जमलं तर तिथे जाऊन उभे राहा. खुर्चीत बसून थांबा ओळखता येतो यावर माझा विश्वास नाही.

अंतराचं काय करायचं? बसची जागा तिच्या मार्गाच्या रेषेवर आणून बसवायची आणि अंतर त्या रेषेवरून मोजायचं. जीटीएफएसमध्ये शेप्सची, म्हणजे मार्गाच्या रेषांची, फाइल असेल तर सोपं आहे. नसेल तर थांबे क्रमाने जोडून कामचलाऊ रेषा तयार करा. थांब्याचं रेषेवरचं अंतर बसच्या अंतरापेक्षा कमी झालं म्हणजे बस गेली, तिला यादीतून काढा. उड्डाणपूल, नदी, यू-टर्न या सगळ्यांत सरळ रेषा तोंडावर पडते. मार्गाची रेषा सहसा टिकते.

वेगाचा आकडा तर मनाने घालूच नका. मी आधी काही दिवस बोर्डाला हातही लावत नाही, नुसता फीड साठवून ठेवतो. मग एका थांब्यावरून पुढच्या थांब्यावर जायला कोणत्या तासाला किती वेळ लागतो, त्याचा मध्यक काढतो. सरासरी घेत नाही, कारण वाटेत बंद पडलेली एक बस तासाभराची सरासरी बिघडवते. प्रोजेक्टच्या नावात एआय हवं म्हणून यावर न्यूरल नेटवर्क बसवणारे भेटतात. त्यांना मी एवढंच विचारतो, मध्यकापेक्षा तुमचं उत्तर किती बरं आलं ते मोजलंत का? अजून कोणी मोजून आलेलं नाही.

आणि सुरुवातीच्या स्थानकात उभी असलेली बस. तिचं जीपीएस चालू असतं, चालक चहा पीत असतो, बोर्डावर मिनिटं धावत असतात. तिच्यापुढे आकडा लिहू नका. ‘स्थानकात उभी’ लिहा.

घड्याळ

फीडमधली वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत), १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत असते. भारताची वेळ साडेपाच तास पुढे, म्हणजे १९८०० सेकंद. काही महाभाग पूर्ण पाच तास मिळवतात आणि अर्ध्या तासाचा फरक ‘ट्रॅफिकमुळे’ म्हणून खपवतात. ईएसपी३२ला चालू होताना आजची तारीख माहीत नसते. एनटीपीकडून (इंटरनेटवरून अचूक वेळ देणाऱ्या सेवेकडून) वेळ आली नसताना गणित केलंत तर बस सुमारे २ कोटी ९० लाख मिनिटांनी येईल. वेळ आल्याशिवाय काही दाखवू नका.

वेळापत्रकात २४:३५:०० किंवा २५:१०:०० दिसलं तर ती छपाईची चूक समजून पुसू नका. मध्यरात्रीनंतरची फेरी आदल्या दिवसाच्या हिशेबात धरतात, म्हणून तसं लिहितात.

मिनिटं नेहमी खाली आणा. ३ मिनिटं ५० सेकंदांचे ४ केलेत तर बस चुकते. ३ केलेत तर माणूस थोडा जास्त उभा राहतो, इतकंच.

मेलेला फीड जिवंत दाखवणे

एका कॉलेजात प्रोजेक्टचं प्रदर्शन होतं. एका गटाचा बोर्ड खरोखर देखणा, ॲक्रिलिकचा डबा, आत चकाचक वायरिंग. सभागृहातलं वायफाय सकाळीच गेलं होतं. बाकीचे गट हवालदिल, यांचा बोर्ड मात्र मजेत चालू: ५, ४, ३, २, १, ‘आली’, मग पुढची बस. बाहेरून आलेल्या परीक्षकबाईंनी राउटरकडे बोट दाखवून विचारलं, ‘याला आत्ता माहिती कुठून मिळतेय?’ पोरं गप्प. झालं होतं असं, की फीड मिळाला नाही की कोड गुपचूप वेळापत्रकावर जात होता, आणि दिसायला सगळं तसंच, तोच रंग, तोच ठसा. बाईंनी गुण दिले, पण पोरांकडे ज्या नजरेने पाहिलं ते मला पुरेसं वाटलं.

अशी सोय करणाऱ्यांना वाटतं, कोरा बोर्ड वाईट दिसतो. दिसू दे. प्रवासी त्या आकड्यावर विसंबून रिक्षा सोडतो, औषधाच्या दुकानात शिरतो, म्हातारी आई जिना उतरते. वेळापत्रकातली वेळ दाखवायचीच असेल तर ‘१०:२०’ अशी दाखवा, ‘५ मि.’ अशी उलटी मोजणी नको. मुंबईच्या लोकलचा इंडिकेटर वापरलेल्या माणसाला कुठे जाणार, स्लो की फास्ट, किती मिनिटांत एवढंच हवं असतं, आणि मिनिटांवर तो डोळे मिटून विश्वास ठेवतो. तो विश्वास फुकट मिळालाय म्हणून उधळू नका.

फीडच्या हेडरमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या भागात, वेळेचा ठसा (डेटा कधीचा आहे ती वेळ) असतो, प्रत्येक गाडीच्या नोंदीलाही असू शकतो. दोन्ही बघा. जीटीएफएस-रिअलटाइमच्या शिफारशीत गाडीची जागा ९० सेकंदांपेक्षा जुनी नसावी असं आहे. मी थोडी ढील देतो: दोन मिनिटांपर्यंत आकडा, त्यानंतर त्या ओळीवर फक्त दोन रेघा. डेमोच्या आधी राउटर मुद्दाम बंद करून बघा. ही चाचणी फुकट आहे आणि कोणीही करत नाही.

देवनागरी

पॅनलच्या तयार कोड-लायब्ररीत देवनागरीचा फॉन्ट घातला की झालं, असं समजू नका. या छोट्या लायब्रऱ्या अक्षरं आली त्या क्रमाने चितारतात. ‘शिवाजीनगर’मधली वेलांटी श नंतर येऊन व वर चढते, ‘स्वारगेट’चा स पाय मोडून वेगळा उभा राहतो. मग पोरं वैतागून इंग्रजीत नावं टाकतात, आणि ज्यांना बोर्डाची सगळ्यात जास्त गरज असते त्यांनाच तो वाचता येत नाही.

नावं किती असतात? एका थांब्यावरून जाणारी ठिकाणं मोजकीच. ती संगणकावर पायथन आणि त्याच्या पिलो या चित्रांच्या लायब्ररीने (अक्षरं नीट जुळवणारं राक्म जोडलेलं हवं, नाहीतर तिथेही तोच गोंधळ) चित्र म्हणून काढा आणि चित्रंच साठवा. पी१० पॅनल ३२ बाय १६ ठिपक्यांचं. वरची मात्रा, शिरोरेघ आणि खालचा उकार १६ ठिपक्यांत कोंबताना हातानेच ठिपके हलवावे लागतात. मी अजूनही चौकटीच्या वहीत आधी काढतो.

बाकीच्या

पूर्ण फीड ईएसपी३२वर उतरवू नका. त्याची रॅम ५२० केबी, आणि शहरभरच्या बसगाड्या त्यात मावत नाहीत. घरातला जुना लॅपटॉप मध्ये बसवा, तो चाळून तीन ओळी पाठवील.

दर सेकंदाला फीड मागू नका. की बंद झाली की मग रडू नका.

की कोडसोबत गिटहबवर, सगळ्यांना दिसेल अशी, चढवू नका. (हो, अजूनही चढवतात.)

वेळापत्रकाची झिप जुनी झाली की ट्रिप आयडी (फेऱ्यांच्या ओळखी) जुळेनासे होतात. आधी ती ताजी करा, मग कोडला शिव्या द्या.

ज्या शहराच्या फीडमध्ये अंदाज मिळतात तिथे रद्द झालेल्या फेरीचा शेरा वाचा. आणि तुमच्या थांब्याची नोंद नसेल तर मागच्या थांब्याचा उशीर पुढे लागू होतो, उशीर शून्य होत नाही.

पॅनलला यूएसबीवरून वीज देऊ नका. ‘ब्राउनआउट’ (वीज कमी पडल्याचा इशारा) दिसलं म्हणजे कोड चुकला असं नाही. ५ व्होल्टचा दणकट एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) घ्या आणि त्याचा व ईएसपी३२चा ग्राउंड एकमेकांना जोडा.

आणि मला मेसेज कराल तेव्हा बोर्डाचा फोटो नको. सिरियल मॉनिटरवरचा (ईएसपी३२ संगणकाला पाठवतो तो) मजकूर, स्टॉप आयडी, फीडच्या हेडरमधली वेळ आणि त्याच क्षणाची घड्याळातली वेळ, एवढं पाठवा. सबमिशनच्या आदल्या रात्री अकरानंतर पाठवलंत तर उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी मिळेल.