विंडोज ९८ 'मेमरी कमी' म्हणतंय? रॅम घेण्याआधी हे बघा
विंडोज ९५-९८ वाला जुना पीसी अजून वापरताय आणि मेमरी कमी असा मेसेज येतोय तर लगेच रॅम आणायला धावू नका. बरेचदा रॅम नाही, सिस्टिम रिसोर्सेस संपलेले असतात. सिस्टिम रिसोर्सेस म्हणजे युजर (विंडो, मेनू सांभाळणारा) आणि जीडीआय (पडद्यावर चित्रं-अक्षरं काढणारा) या विंडोजच्या भागांचे मेमरीतले दोन साठे, त्यांचे १६-बिट भाग जेमतेम ६४ केबीचे, रॅम कितीही टाका ते तेवढेच राहतात आणि उघडलेल्या विंडो, आयकॉन, फॉन्ट यांनीच भरत जातात. माय कॉम्प्युटरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, परफॉर्मन्स, तिथे मोकळे किती उरलेत त्याचे टक्के दिसतील. फारच खाली गेले तर काम सेव्ह करून सरळ रीस्टार्ट करा, कारण काही प्रोग्राम बंद केले तरी घेतलेलं सोडत नाहीत. ९८ असेल तर स्टार्ट मेनूतल्या रनमध्ये एमएसकॉन्फिग (msconfig) टाकून स्टार्टअपमधला, म्हणजे पीसीसोबत आपोआप सुरू होणारा, फालतू पसारा काढा, फक्त स्कॅनरजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगची नोंद तपासणारा) आणि सिस्टिमट्रे (घड्याळाजवळचे आयकॉन दाखवणारा) ठेवाच