तंतुकणिकांच्या जनुकसंचांची तुलना : नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

प्राण्यांच्या उत्क्रांतीचा अभ्यास डीएनएच्या आधारे करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला बहुधा तंतुकणिकेच्या (मायटोकॉन्ड्रिया, पेशीतील ऊर्जा तयार करणारा घटक) जनुकसंचापासून, म्हणजे तिच्यातील संपूर्ण डीएनएपासून, सुरुवात करायला सांगितले जाते, आणि त्याला सबळ कारणे आहेत. माणसाचा हा जनुकसंच १९८१ मध्येच संपूर्ण वाचला गेला. त्याची लांबी अवघी १६,५६९ बेस-जोड्यांची आहे. बहुतेक प्राण्यांमध्ये त्यात तीच ३७ जनुके आढळतात : १३ प्रथिनांची, २२ टीआरएनएची (प्रथिन बनताना अमिनो आम्ले आणून देणारे रेणू) आणि २ आरआरएनएची (प्रथिन बनवणाऱ्या रायबोसोमचे घटक). शिवाय एकेका पेशीत त्याच्या शेकडो ते हजारो प्रती असल्यामुळे संग्रहालयातल्या जुन्या नमुन्यांतूनही तो पुष्कळदा मिळवता येतो.

या सोयीमुळेच नवखे लोक थेट वंशवृक्ष काढायला धावतात. माझ्या मते पहिले काही आठवडे केवळ जनुकांच्या सीमा तपासण्यात घालवावेत. ‘मायटॉस’सारखी संगणकीय साधने जनुके शोधून देतात, परंतु ती नेमकी कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात, हे जवळच्या प्रजातींशी ताडून स्वतः पाहावे लागते. अनेक जनुकांच्या शेवटी पूर्ण थांब-संकेत, म्हणजे प्रथिन इथे संपते असे सांगणारी तीन अक्षरे, नसतोच. नुसता ‘टी’ किंवा ‘टीए’ असतो आणि आरएनएला ‘ए’ची शेपटी जोडली गेल्यावर तो संकेत पुरा होतो. भाषांतराचा तक्ताही, म्हणजे कोणत्या तीन अक्षरांच्या संकेताचा (कोडॉनचा) अर्थ कोणते अमिनो आम्ल हे सांगणारी यादी, निवडून घ्यावा लागतो. केंद्रकातील जनुकांत ‘यूजीए’ म्हणजे थांबा, तर प्राण्यांच्या तंतुकणिकेत ट्रिप्टोफॅन. ‘एजीए’ हा कोडॉन बहुतेक कीटकांत सेरीन आणि समुद्रपिचकारीत (खडकांना चिकटून राहणारा पिशवीसारखा समुद्री प्राणी) ग्लायसीन दर्शवतो, तर पृष्ठवंशीयांत तो कोणतेच अमिनो आम्ल दर्शवत नाही. चुकीच्या तक्त्याने निरोगी जनुकही मध्येच तुटलेले दिसते. अर्थात, योग्य तक्ता वापरूनही जनुक तुटत असेल, तर तो तुकडा केंद्रकात जाऊन बसलेली जुनी प्रत असू शकतो, ही शंका घ्यावी. पाळीव मांजरात असा सुमारे ७,९०० बेस-जोड्यांचा तुकडा अनेकदा पुनरावृत्त झालेला आहे.

मला स्वतःला सर्वांत मोह पडतो तो जनुकांच्या क्रमाचा. कीटक आणि कवचधारी प्राणी (खेकडे, कोळंबी इत्यादी) यांच्यात ल्युसीनचे एक टीआरएनए जनुक ‘कॉक्स-१’ आणि ‘कॉक्स-२’ या प्रथिनांच्या जनुकांच्या मध्ये येऊन बसले आहे, तर कोळी आणि गोम यांच्या गटांत ते मूळच्या जागी, मोठ्या आरआरएनएच्या शेजारी आहे. असे स्थलांतर दोनदा स्वतंत्रपणे घडणे अवघड असल्याने, १९९८ मध्ये मांडलेला हा पुरावा कीटकांचे कवचधारींशी असलेले जवळचे नाते दाखवणारा ठरला. मात्र हे हत्यार सर्वत्र चालत नाही. सस्तन प्राण्यांपासून बहुतेक माशांपर्यंत क्रम जवळपास एकच असल्याने तिथे तो मुका राहतो. उलट माणसाच्या अंगावरील उवेत एरवी एकाच वर्तुळात असणारा जनुकसंच अनेक छोट्या वर्तुळांत विखुरला आहे.

अनुक्रमांवरून वृक्ष काढताना बेसांचे प्रमाण आधी मोजावे. मधमाशीच्या तंतुकणिकेत ‘ए’ आणि ‘टी’ मिळून सुमारे ८५ टक्के भरतात; असे तिरपे प्रमाण असलेल्या दोन दूरच्या प्रजाती केवळ त्या साम्यामुळे एकत्र येऊ शकतात. जलद बदलणाऱ्या शाखांचेही तसेच होते. दूरच्या गटांची तुलना करताना कोडॉनचे तिसरे स्थान वगळावे किंवा अमिनो आम्लांचा अनुक्रम घ्यावा, आणि अनुक्रम कसे बदलतात याच्या वेगवेगळ्या गणिती प्रारूपांनी वृक्ष बदलतो का, ते पाहावे. शाखेवरचा टक्का (तिला अनुक्रमांतून किती आधार मिळतो याचा आकडा) उच्च आहे म्हणून ती खरी, असे समजू नये.

शेवटी, ही सर्व ३७ जनुके सहसा आईकडून एकत्रच येत असल्याने त्यांचा साक्षीदार एकच असतो. ध्रुवीय अस्वलांची तंतुकणिका तपकिरी अस्वलांच्या वृक्षात, अलास्कातील काही बेटांवरच्या अस्वलांजवळ जाऊन बसते. केंद्रकातील डीएनए मात्र त्यांना स्वतंत्र वंश ठरवतो, कारण मधल्या काळात दोघांत संकर झाला होता. त्यामुळे विषय निवडताना आपल्या प्रजातींची केंद्रकीय जनुकेही उपलब्ध आहेत का, हे मार्गदर्शकांना पहिल्याच भेटीत विचारावे.