आठ कोर असूनही टॅब अडकतो कशाला? स्वस्त टॅब घेताना आणि वापरताना या चुका टाळा

गणपती विसर्जन झालं, चाकरमान्यांच्या गाड्या मुंबईकडे वळल्या की दोन-तीन दिवसांत माझ्या कणकवलीच्या दुकानात टॅब यायला लागतात. काकाने पुतण्याला हौसेने आणलेला, काचेवरचा प्लास्टिकचा कागदही अजून काढलेला नाही, बिल आठ-नऊ हजारांचं. सोबत आलेल्या बापाचा प्रश्न दरवर्षी तोच: "आठ कोर आसत मां, मगे अडाकता कित्याक?"

प्रश्न रास्त आहे. खोक्यावर 'ऑक्टा-कोर' लिहिलेलं असतं, म्हणजे प्रोसेसरमध्ये हिशोब करणारे आठ भाग, आणि ते खोटंही नसतं. फक्त त्याने काही कळत नाही.

कोर मोजू नका, कोरचं नाव विचारा

अँड्रॉइड टॅबमधले जवळजवळ सगळे प्रोसेसर एआरएम कंपनीच्या आराखड्यांवर चालतात. मीडियाटेक, क्वालकॉम, युनिसॉक या कंपन्या ते आराखडे घेऊन आपापल्या चिप बनवतात. त्यामुळे चिपचं नाव कितीही भारदस्त असो, स्वस्तातल्या टॅबमध्ये आतले कोर दोनच जातींचे निघतात. एक काटकसरी जात: २०१२ साली जाहीर झालेला कॉर्टेक्स-ए५३ आणि २०१७ चा ए५५. दुसरी अंगमेहनतीची जात: ए७३, ए७५, ए७६ आणि त्यापुढचे.

फरक समजायला रेशन दुकानाची रांग आठवा. पुढच्या आजोबांचा अंगठा मशीन घेत नाही, आणि मागचे पंधरा जण पिशव्या धरून तसेच उभे. ए५३ आणि ए५५ असेच आहेत. सूचना ज्या क्रमाने आल्या त्याच क्रमाने उरकायच्या. एका सूचनेला लागणारी माहिती मेमरीतून यायला उशीर झाला की मागच्या सगळ्या खोळंबतात. ए७५ हा चलाख दुकानदार आहे. "आजोबा, जरा बाजूला बसा, बोट पुसा," म्हणतो आणि तोवर मागच्या चौघांचे तांदूळ मोजून मोकळा होतो. आता काटकसरी जातीच्या आठ रांगा लावल्या तरी तुम्ही ज्या रांगेत उभे आहात ती काही लवकर सरकणार नाही. आणि ॲप उघडणं, वेबपान उलगडणं, बोटाखाली पान सरकणं, या रोजच्या कामांचा भार एक-दोन रांगांवरच येतो.

म्हणून दुकानात विचारायचं ते एवढंच: ए७ ने सुरू होणारे निदान दोन कोर आहेत का? मीडियाटेकच्या हेलिओ पी२२टी चिपमध्ये नाहीत, आठही ए५३ आहेत. युनिसॉक एससी९८६३ए मध्ये आठही ए५५. हेलिओ जी८०, जी८५, युनिसॉक टी६०६ आणि टी६१८ यांत दोन ए७५ आणि सहा ए५५ अशी जोडणी आहे. क्वालकॉमच्या स्नॅपड्रॅगन ६८० मध्ये चार ए७३ आणि चार ए५३. हेलिओ जी९९ मध्ये दोन ए७६ आणि सहा ए५५. गीकबेंच ६ या चाचणीत एकट्या कोरचे गुण पाहिले तर नुसत्या ए५३ वाल्या चिप दोनशेच्या खालीच घुटमळतात, दोन ए७५ वाल्या चारशेच्या आसपास जातात आणि जी९९ सातशेच्या घरात. किंमत तिप्पट होत नाही, वेग मात्र होतो. नऊ हजारांत आठ ए५३ आणि तेरा हजारांत जी९९ असा पर्याय समोर असेल, तर मधले चार हजार हे त्या टॅबवर खर्च होणारे सगळ्यात कारणी लागलेले पैसे. कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलवर, कीबोर्डवाल्या कव्हरवर ते घालवू नका.

याला अपवाद आहे. आजीला संध्याकाळी भजनं ऐकायची आहेत, नातवाला दीक्षा ॲपवरचे धडे बघायचे आहेत, बस. तिथे आठ ए५३ सुद्धा पुरतात.

व्हिडिओ लावून पारख करू नका

ते का पुरतात, यातच दुसरी चूक दडली आहे. दुकानदार टॅब हातात देतो, समुद्राचा झकपक व्हिडिओ लावतो, तो लोण्यासारखा चालतो आणि गिऱ्हाईक खूश. पण व्हिडिओ उलगडायला चिपमध्ये वेगळा विभाग असतो. कोर तेव्हा जवळजवळ रिकामेच बसलेले असतात. कमकुवतातली कमकुवत चिपही व्हिडिओ नीट दाखवते.

पारख करायची तर ब्राउझरमध्ये चार-पाच जड पानं उघडा आणि एकातून दुसऱ्यात जाऊन बघा. दीड-दोनशे पानांची स्कॅन केलेली पीडीएफ पेन ड्राइव्हवर न्या आणि भराभर सरकवा. आमच्याकडे एक घरगुती कसोटी आहे: सातबारा. कोकणातला सातबारा म्हणजे दहा गुंठ्यांत चाळीस नावं. अशा उताऱ्यावर बोटांनी मोठं-छोटं करताना अक्षरं चटकन उमटतात की आधी पांढरा चौकोन दिसतो, यावरून मला बऱ्यापैकी अंदाज येतो. दुकानदार परवानगी देत असेल तर सीपीयू-झेड हे ॲप टाकून कोरची नावं तिथेच वाचा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि ते करू न देणाऱ्या दुकानातून मी स्वतः काही घेणार नाही.

नावावरही भिस्त ठेवू नका. सॅमसंगचा २०१९ चा आठ इंची गॅलेक्सी टॅब ए ८.० आणि २०२१ चा साडेदहा इंची टॅब ए८, ऐकायला एकच. पहिल्यात स्नॅपड्रॅगन ४२९ म्हणजे चार ए५३, दुसऱ्यात टी६१८. लेनोवोचा टॅब एम१० तर घराणंच आहे: दुसऱ्या पिढीच्या एचडी मॉडेलमध्ये पी२२टी, तिसऱ्या पिढीत युनिसॉक टी६१०, त्याच पिढीच्या 'प्लस'मध्ये कुठे जी८० तर कुठे स्नॅपड्रॅगन ६८०. सेलमध्ये "एम१० स्वस्त लागलाय" असा निरोप घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला की आधी विचारा, कुठला?

४ + ४ = ८ नव्हे

दुकानात येणाऱ्या 'स्लो' टॅबपैकी बऱ्याच टॅबमध्ये दोष प्रोसेसरचा नसतोच. तो साठवणीचा असतो, आणि यावर कोणी बोलत नाही म्हणून मी जरा सविस्तर बोलतो.

'८ जीबी रॅम' असं मोठ्या अक्षरात आणि खाली बारीक अक्षरात '४ + ४' लिहिलेलं असेल, तर खरी रॅम चारच. उरलेली चार म्हणजे स्टोरेजचा एक कोपरा रॅमच्या नावाने वापरायला काढलेला. स्टोरेज रॅमपेक्षा कितीतरी पटींनी संथ असतं. त्यात स्वस्त टॅबमध्ये ते बहुधा ईएमएमसी ५.१ जातीचं, ज्याची मर्यादा सेकंदाला ४०० एमबी. शिवाय ते एका वेळी एक तर वाचतं किंवा लिहितं, दोन्ही एकदम नाही. आपल्या कोकण रेल्वेसारखं: रोहा-वीरचा तुकडा २०२१ मध्ये दुहेरी झाला, बाकी बहुतेक मार्ग एकेरी, म्हणून समोरून गाडी आली की आपली क्रॉसिंगला उभी. यूएफएस २.२ ही स्टोरेजची दुसरी जात म्हणजे दुहेरी मार्ग, येणं-जाणं एकाच वेळी, आणि वेगमर्यादाही जवळपास तिप्पट. जी९९ ला यूएफएस चालतं, जी८५ ला नाही. पण चालतं म्हणून कंपनीने बसवलंच असेल असं नाही, तेही वेगळं तपासा.

आता त्या एकेरी मार्गावर 'वाढीव रॅम'ची मालगाडीही सोडली तर काय होणार? म्हणून ईएमएमसी असलेल्या टॅबमध्ये मी सेटिंगमध्ये जाऊन ती सोय बंदच करतो. काही कंपन्या तिला 'रॅम प्लस' म्हणतात, काही 'मेमरी एक्स्टेंशन'. बंद करून टॅब एकदा रीस्टार्ट करा. दोन दिवस वापरून बघा. पार्श्वभूमीतली ॲप जास्तच बंद पडायला लागली तर परत चालू करता येते.

त्याहून मोठी गोष्ट, जागा. ३२ जीबीचा टॅब, त्यातली दहा-बारा जीबी अँड्रॉइडनेच व्यापलेली, उरलेल्यात शाळेच्या, वाडीच्या आणि भजनी मंडळाच्या ग्रुपवरचे सगळे व्हिडिओ. फ्लॅश मेमरीत नवीन काही लिहायचं तर आधी रिकामा खण लागतो. तो नसेल तर आतल्या आत सामान हलवून, पुसून, खण मोकळा करावा लागतो आणि तेवढा वेळ तुम्ही काचेवर बोट आपटत बसता. निदान पाचवा हिस्सा रिकामा ठेवा. व्हॉट्सॲपमधलं मीडिया आपोआप उतरवणं बंद करा, फोटो आणि व्हिडिओ मेमरी कार्डावर हलवा, ॲप मात्र कार्डावर हलवू नका. मी नवीन प्रोसेसरवाला टॅब सुचवण्याआधी एवढं करून देतो, आणि कित्येकदा गिऱ्हाईक नवीन टॅब न घेताच परत जातं. धंद्याच्या दृष्टीने हे काही शहाणपणाचं नाही.

'क्लीनर' आणि 'बूस्टर' ॲप टाकणं ही उलट दिशेची चूक. ती चालू ॲप मारून टाकतात, मग तीच ॲप पहिल्यापासून उघडायला प्रोसेसरला जास्त राबावं लागतं. काढून टाका.

मे महिन्यातला टॅब आणि डिसेंबरमधला टॅब

चिपवरचं काम किती बारीक, हे नॅनोमीटरच्या आकड्याने सांगतात. एससी९८६३ए ही चिप २८ नॅनोमीटरवर बनते, जी८५ आणि पी२२टी १२ वर, जी९९ आणि स्नॅपड्रॅगन ६८० सहा वर. आकडा लहान तर त्याच कामाला वीज कमी, म्हणून उष्णता कमी. दिल्लीतल्या वातानुकूलित खोलीत हा फरक फारसा जाणवणार नाही. देवगडच्या आंब्याच्या शेडमध्ये, एप्रिल-मे महिन्यात, पत्र्याखाली पेट्यांचे फोटो काढून ऑर्डर नोंदवणाऱ्याला दुपारी बारा वाजता बरोबर जाणवतो. चिप तापली की स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवते. सकाळी पळणारा टॅब दुपारी रांगतो, यात बिघाड काही नाही. टॅबमध्ये पंखा नसतो, सगळी उष्णता पाठीतून बाहेर पडते, आणि त्या पाठीवर आपण जाडजूड रेक्झिनचं कव्हर चढवतो. काम करताना कव्हर काढा. होडीच्या केबिनमध्ये काचेसमोर उन्हात टॅब ठेवत असाल तर त्याला सावली करा. तापलेला असताना चार्जिंग लावू नका. बॅटरीचं तापमान ४५ अंशांच्या वर गेलं की बहुतेक टॅब चार्जिंग मंद करतात किंवा थांबवतात, आणि मग "चार्जिंग होत नाही" अशी वेगळी तक्रार घेऊन तुम्ही येता.

प्रोसेसरला शिव्या देण्याआधी

टॅब विमान मोडवर टाका आणि आधीच उतरवलेली तीच पीडीएफ, तेच ॲप उघडा. आता सुरळीत चाललं तर गुन्हेगार नेटवर्क आहे. चिऱ्याच्या जाड भिंतींतून वाय-फाय, विशेषतः पाच गिगाहर्ट्झचं, नीट जात नाही. ओटीवर राउटर आणि माजघरात टॅब असेल तर २.४ गिगाहर्ट्झवर जोडा. सिमवाल्या टॅबचं आणखी एक: डोंगराआड रेंज कमी असली की तो टॉवरपर्यंत पोचण्यासाठी जास्त ताकद लावतो, बॅटरी खातो आणि तापतो. रेंज नसलेल्या वाडीत मोबाइल डेटा बंद ठेवणं हाच उपाय.

चार्जरचा हिशोबही करून बघा. ७००० एमएएचची बॅटरी म्हणजे साधारण २७ वॅट-तास. घरातला जुना पाच वॅटचा चार्जर लावला तर, वाटेत वाया जाणारी वीज धरून, टॅब बंद ठेवूनही सहा तासांच्या वर लागणार. त्यावरच मूल व्हिडिओ बघत असेल तर टक्का वाढतच नाही. यात बॅटरी खराब नाही आणि टॅबही नाही.

गेल्या पावसाळ्यात एक मावशी टॅब रुमालात गुंडाळून घेऊन आल्या. टेबलावर ठेवला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "बघ रे झिला, ह्याच्यात काय भूत शिरला काय? आपणच ॲपां उघडता, आपणच लिवता." घरच्यांनी नारळ ठेवून गाऱ्हाणंही घालून झालं होतं. मी विचारलं, हे कधी होतं? रात्री, निजताना. आणि निजताना टॅब कुठे असतो? चार्जिंगला. बाजारातून आणलेला, नाव-गाव नसलेला चार्जर होता. अशा चार्जरमधून विजेचा गोंगाट टच स्क्रीनपर्यंत पोचतो आणि तिला बोट लागल्याचा भास होतो. पिन काढली की भूत गायब. चांगला चार्जर दिला आणि पोर्टवर खाऱ्या हवेने धरलेला हिरवा गंज साफ केला. गाऱ्हाण्याचा नारळ मात्र त्यांनी मलाच दिला.

जुना विंडोज टॅब 'स्वस्तात' मिळतोय?

नको. २०१४ च्या सुमाराला ॲटम झेड३७३५एफ या इंटेलच्या चिपवर ढिगाने विंडोज टॅब आले. बहुतेकांत दोन जीबी रॅम आणि ३२ जीबी ईएमएमसी. आज ते तीन-चार हजारांत विकायला येतात आणि एखादा होमस्टेवाला 'बिलं करायला बरा' म्हणून घेतो. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला किमान चार जीबी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेज लागतं, म्हणजे तो मार्गही बंद. रॅम बोर्डावर डकवलेली असते, वाढवता येत नाही. विंडोजच हवं असेल तर २०२३ चा इंटेल एन१०० असलेलं यंत्र बघा. तोही सहा वॅटचा, काटकसरीचाच प्रोसेसर आहे, पण त्या ॲटमशी त्याची तुलनाच नको. फक्त रॅम आठ जीबी आहे ना, आणि ती खरी आठ आहे ना, एवढं विचारून घ्या.