एमएलबी ड्राफ्टच्या आधी प्रॉस्पेक्ट्सची यादी कशी वाचायची

जुलै जवळ आला की एमएलबी (अमेरिकेतली मेजर लीग बेसबॉल) ड्राफ्टच्या, म्हणजे टीम्स पाळीपाळीने नवी पोरं निवडतात त्याच्या, याद्या सुरू होतात, टॉप १००, टॉप २५०, कुणाची तर थेट ५०० जणांची, आणि नवीन फॅन काय करतो तर एक नंबरपासून नावं पाठ करायला घेतो. पंचविसाव्या नावापर्यंत सगळे सारखेच वाटायला लागतात, सगळ्यांची बॅट फास्ट आणि सगळ्यांचा आर्म स्ट्राँग. त्यापेक्षा पंधरा-वीस पोरं निवडा, ती नीट बघा आणि प्रत्येकाबद्दल एकच प्रश्न धरून ठेवा, की हा या जागेवर का आहे. उत्तर कधी खेळात असतं, कधी वयात, कधी पैशात, आणि ते शोधता येतं, अवघड नाहीये.

आधी ड्राफ्टमध्ये येतं कोण ते बघा. अमेरिका, कॅनडा, पोर्तो रिको इथे राहणारे किंवा तिथल्या शाळा-कॉलेजात शिकणारे, बस. डॉमिनिकन रिपब्लिक किंवा व्हेनेझुएलाची पोरं सोळाव्या वर्षापासून वेगळ्या आंतरराष्ट्रीय पद्धतीने साइन होतात, ती या याद्यांमध्ये शोधू नका. २०२४ चा पहिला पिक (निवड) ट्रॅव्हिस बझाना ऑस्ट्रेलियाचा, सिडनीचा, पण ओरेगन स्टेटमध्ये शिकत होता म्हणून ड्राफ्टमधून आला. हायस्कूल संपलं की पोरगा एलिजिबल, पण एकदा चार वर्षांच्या कॉलेजात पाय ठेवला की तिसरं वर्ष संपेपर्यंत किंवा वय २१ होईपर्यंत थांबावं लागतं. दोन वर्षांच्या ज्युनिअर कॉलेजवाल्यांना ही अट नाही. ब्राइस हार्परने हेच केलं, हायस्कूल लवकर आटपून कॉलेज ऑफ सदर्न नेवाडामध्ये गेला, तिथे लाकडी बॅटने एक सीझन खेळला आणि २०१० ला पहिला पिक झाला.

आयपीएलच्या लिलावाची सवय असेल तर ती डोक्यातून काढा, इथे बोली लागत नाही. टीम नाव घेते आणि त्या वर्षी तो पोरगा फक्त त्याच टीमशी बोलू शकतो, पटलं तर साइन करतो, नाहीतर कॉलेजला जातो किंवा परत जातो. २०२१ पासून २० राउंड असतात, त्याआधी बरीच वर्षं ४० होते आणि कोविडच्या २०२० मध्ये तर फक्त ५. प्लेऑफला न गेलेल्या १८ टीम्सची लॉटरी निघते आणि पहिले सहा पिक त्यातून ठरतात, ही पद्धत २०२३ च्या ड्राफ्टपासून आहे.

आता मुख्य गोष्ट, स्काउटिंग रिपोर्टमधले, म्हणजे टीमसाठी पोरं पारखणाऱ्या स्काउटच्या अहवालातले, आकडे. २० ते ८० अशी स्केल असते, ५० म्हणजे मेजर लीगचा ॲव्हरेज. हे मेजर लीगचं माप आहे हे विसरलात की गडबड होते, कारण १८ वर्षांच्या पोराला हिटमध्ये ५० दिलेत म्हणजे तो आज ॲव्हरेज नाही, तर मोठा झाल्यावर जगातल्या सगळ्यात भारी लीगमध्ये ॲव्हरेज मारू शकेल असा अंदाज आहे, आणि ती मोठी गोष्ट आहे. हिटरचे पाच टूल्स (कौशल्यं) असतात, हिट (बॅटला बॉल नीट लावणं), पॉवर (लांब मारणं), रन (पळणं), आर्म (थ्रो), फील्ड (फील्डिंग). शेवटी एक ओव्हरऑल ग्रेड येतो. ड्राफ्टच्या वेळी ओव्हरऑल ५५ म्हणजे पहिल्या राउंडचा दमदार खेळाडू, ६० फार थोड्यांना मिळतो, आणि ४५ बघून तोंड वाकडं करू नका, त्यातून मेजर लीगला पोचणारी बरीच पोरं निघतात.

पाचातला सगळ्यात महत्त्वाचा आणि ओळखायला सगळ्यात अवघड टूल म्हणजे हिट. रन तुम्ही घरबसल्या मोजू शकता, मोबाइलवर स्टॉपवॉच लावा, बॅटला बॉल लागला की सुरू, फर्स्ट बेसवर पाय पडला की बंद. राइट-हँडेड हिटरला साधारण ४.३ सेकंद म्हणजे ॲव्हरेज, लेफ्टीला ४.२ कारण तो बेसच्या जवळून निघतो. ४.० च्या आत-बाहेर आला तर पोरगा खरंच पळतो. पण नीट पळालेली धावच मोजा, अर्ध्यात सोडून दिलेली नको. कॅचरसाठी पॉप टाइम बघा, पिच ग्लोव्हमध्ये आल्यापासून बॉल सेकंड बेसवर पोचेपर्यंत, २.० सेकंद ठीक, १.९ चांगला.

हिटसाठी असं स्टॉपवॉच नाही, व्हिडिओच बघावा लागतो आणि तो बघायची एक रीत आहे. होमरन असलेले हायलाइट बाजूला ठेवा. पूर्ण ॲट-बॅट (हिटरची एक अख्खी पाळी) शोधा, त्यातही दोन स्ट्राइक झाल्यावर (तिसऱ्याला आउट) स्लायडर, म्हणजे शेवटी बाजूला वळणारा बॉल, आला तेव्हा पोराने काय केलं ते बघा. पुढचा पाय टेकल्यावर त्याची कंबर लगेच सुटून जाते का, की हात मागे राहतात आणि तो अर्धा क्षण थांबू शकतो? थांबू शकणारा पोरगा फाउल करून जिवंत राहतो किंवा सेकंड बेसमनच्या डोक्यावरून सिंगल काढतो, सुटून गेलेला हवेत बॅट फिरवतो. असले दहा-पंधरा ॲट-बॅट बघितलेत की एका हिटरबद्दल जेवढं कळतं तेवढं कुठल्याही रँकिंगमधून कळत नाही असं माझं ठाम मत आहे. शोकेसमधला (स्काउटना दाखवायच्या कार्यक्रमातला) बॅटिंग प्रॅक्टिसचा व्हिडिओ मात्र फक्त पॉवर किती आहे हे सांगतो, बाकी काही नाही.

कॉलेज हिटरचे आकडे वाचताना दोन गोष्टी सांभाळा. एक म्हणजे कॉलेजात मेटलची बॅट असते, प्रोफेशनलमध्ये लाकडी. म्हणूनच उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समध्ये होणाऱ्या केप कॉड लीगला स्काउट एवढा भाव देतात, तिथे कॉलेजची चांगली पोरं एकत्र येऊन लाकडी बॅटने खेळतात, बझाना २०२३ ला तिथला एमव्हीपी (सगळ्यात मोलाचा खेळाडू) होता. दुसरी म्हणजे समोर पिचर कोण होता. शुक्रवार ते रविवारच्या सिरीजमध्ये टीमचे खरे स्टार्टर (मॅच सुरू करणारे पिचर) येतात, मंगळवार-बुधवारच्या मॅचमध्ये बहुतेक वेळा दुसऱ्या फळीचे, त्यामुळे .४०० ॲव्हरेज दिसला तरी एसईसी किंवा एसीसी या कॉलेजांच्या तगड्या लीगच्या आपापसातल्या मॅचमध्ये तो किती होता हे वेगळं काढून बघा. आणि ॲव्हरेजच्या आधी वॉक (चार बॉल बाहेर पडून फुकट मिळालेला बेस) आणि स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर आउट) बघा, स्ट्राइकआउटपेक्षा वॉक जास्त असतील आणि पॉवरही असेल तर तो पोरगा वरच जाणार.

पोझिशनचं सांगायचं तर हायस्कूलमध्ये सगळ्यात भारी ॲथलीट शॉर्टस्टॉपलाच (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधली जागा) उभा असतो, त्यामुळे यादीत शॉर्टस्टॉपच शॉर्टस्टॉप दिसतात आणि त्यातले निम्मे पुढे थर्ड बेस किंवा आउटफील्डला जातात. रिपोर्टमध्ये ‘तिथेच टिकेल’ लिहिलंय का ते शोधा. फर्स्ट बेसवाल्याला फक्त बॅटवर पोट भरायचं असतं म्हणून तो खाली सरकतो.

वय तर लोक बघतच नाहीत आणि टीम्स त्यावर खूप विचार करतात. दोन हायस्कूल पोरं सारखीच खेळतात, पण एक ड्राफ्टच्या दिवशी १७ चा आणि दुसरा १९ चा, तर १७ वाल्याला वाढायला दोन वर्षं जास्त आहेत. २०२५ चा पहिला पिक ईलाय विलिट्स, ओक्लाहोमामधल्या फोर्ट कॉब-ब्रॉक्सटन हायस्कूलचा शॉर्टस्टॉप, १७ वर्षांचा होता आणि मुळात २०२६ च्या बॅचचा, एक वर्ष आधी शाळा संपवून आला. तसंच हवामान. थंडीच्या राज्यांत वसंतात मॅच कमी होतात, स्काउट कमी वेळा बघतात आणि पोरगं खाली राहतं. माइक ट्राउट न्यू जर्सीतल्या मिलव्हिलचा, २००९ ला २५ व्या नंबरवर गेला, आणि एंजल्सने त्याच्या बरोबर आधीच्या २४ व्या पिकवर रँडल ग्रिचकला घेतलं होतं.

पिचरकडे वळूया. स्पीडचा आकडा सगळ्यांच्या तोंडावर असतो, मेजर लीगमध्ये फास्टबॉल आज सरासरी ९४ मैलांच्या आसपास आहे, म्हणजे ताशी साधारण १५१ किलोमीटर. पण पहिल्या इनिंगचा स्पीड बघून भारावून जाऊ नका, पाचव्या इनिंगमध्ये किती उरतो ते बघा. मग चेंजअप, म्हणजे फास्टबॉलसारखा दिसणारा पण हळू येणारा बॉल, टाकताना हात फास्टबॉलसारखाच फिरतो का, की जरा मंदावतो? मंदावत असेल तर चांगल्या हिटरला ते लगेच कळतं. बेसवर माणूस असताना कंट्रोल जातो का तेही बघा. दोनच प्रकारचे बॉल टाकणारा स्टार्टर म्हणून घेतला तरी पुढे रिलीव्हर (मॅचमध्ये मधेच येणारा पिचर) व्हायची शक्यता मोठी.

पॉल स्कीन्स बघा, एअर फोर्स अकॅडमीत कॅचिंग पण करायचा आणि पिचिंग पण, मग एलएसयूला (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) आला, २०२३ मध्ये २०९ स्ट्राइकआउट काढले, तो एसईसीचा रेकॉर्ड झाला. पायरेट्सने त्याला पहिला घेतला, त्याचाच टीममेट डिलन क्रूज दुसरा गेला, एकाच कॉलेजचे दोघं पहिल्या-दुसऱ्या नंबरवर असं आधी कधी झालं नव्हतं. २०२४ ला स्कीन्स रुकी ऑफ द इयर, २०२५ ला साय यंग (वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार). पण हायस्कूलच्या राइट-हँडेड पिचरवर टीम्स अजूनही जपून पैसे लावतात कारण एल्बोचा धोका, टॉमी जॉन सर्जरी (एल्बोच्या लिगामेंटची) झाली की वर्ष-दीड वर्ष गेलं.

मेडिकलचा भाग आपल्याला बाहेरून दिसत नाही, पण त्याचे परिणाम दिसतात. २०१४ ला ॲस्ट्रोजने ब्रेडी एकनला पहिला घेतला, एल्बोवरून वाद झाला, तो साइनच झाला नाही. त्याच्या स्लॉटचे, म्हणजे त्या पिकसाठी ठरलेले, पैसे टीमच्या बोनस पूलमधून गेले (पूल काय ते पुढे येतंच) आणि त्यामुळे पाचव्या राउंडच्या जेकब निक्सचं ठरलेलं डीलसुद्धा मोडलं. बदल्यात मिळालेल्या २०१५ च्या दुसऱ्या पिकवर त्यांनी ॲलेक्स ब्रेगमनला घेतलं. कुमार रॉकर, ज्याच्या आईकडचं घर मूळ भारतीय, २०२१ ला मेट्सने दहावा घेतला, फिजिकलनंतर ऑफरच दिली नाही, आणि पुढच्या वर्षी रेंजर्सने तिसऱ्या नंबरवर घेतला. तेव्हा एखादा टॉप टेनचा पिचर शेवटच्या आठवड्यात अचानक घसरायला लागला तर आधी त्याची मेमधली मॅच लॉग उघडा, एखादा स्टार्ट चुकलाय का ते बघा.

आणि आता पैसा, ज्याच्याशिवाय ड्राफ्टचा क्रम कळूच शकत नाही. पहिल्या दहा राउंडमधल्या प्रत्येक पिकला एक ठरलेली रक्कम असते, त्या सगळ्यांची बेरीज म्हणजे टीमचा बोनस पूल. एकाला स्लॉटपेक्षा कमी दिलं तर उरलेलं दुसऱ्याला देता येतं, पण पूल ५ टक्क्यांहून जास्त ओलांडला तर पुढचा पहिल्या राउंडचा पिक जातो. २०१२ पासून हे आहे आणि त्याच वर्षी ॲस्ट्रोजने ते कसं वापरायचं ते दाखवून दिलं. पहिल्या पिकचा स्लॉट ७२ लाख डॉलर, त्यांनी कार्लोस कोरेयाला ४८ लाखांत साइन केलं आणि वाचलेल्यातून ४१ व्या पिकवर लान्स मॅककलर्सला २५ लाख दिले, जो एरवी कॉलेजला गेला असता. २०२५ मध्ये विलिट्सचा स्लॉट १ कोटी १० लाखांच्या वर होता, तो नॅशनल्सशी ८२ लाखांवर साइन झाला, आणि ईथन हॉलिडे, जो बऱ्याच याद्यांमध्ये त्याच्या वर होता, चौथ्या नंबरवर रॉकीजकडे जाऊन ९० लाख घेऊन गेला. चौथा पोरगा पहिल्यापेक्षा महाग, हे इथे अगदी नॉर्मल आहे.

म्हणून स्वतःची शीट बनवताना प्रत्येक नावापुढे हायस्कूल की कॉलेज, ड्राफ्टच्या दिवशीचं वय, पोझिशन टिकेल का, सगळ्यात चांगला टूल, सगळ्यात मोठी शंका आणि कुठल्या कॉलेजला कमिट आहे (तिथे खेळायचं कबूल केलंय) एवढं लिहा, शंकेचा रकाना रिकामा सोडू नका. कमिटमेंट तगडी असेल, म्हणजे व्हँडरबिल्ट, एलएसयू असं काही, तर तो पोरगा एकतर मोठा बोनस घेईल किंवा २० राउंड संपेपर्यंत त्याचं नावच येणार नाही. जूनमध्ये कॉलेज वर्ल्ड सिरीज ओमाहाला असते, तुमच्या शीटमधले दोन-तीन जण तिथे हमखास सापडतील, त्यांच्या लाइव्ह मॅच बघा. मॉक ड्राफ्ट (कोण कुठे जाईल याचे अंदाज) शेवटच्या दोन-तीन दिवसांतलेच वाचा, एप्रिलमधल्या मॉकवर वेळ घालवू नका.

ड्राफ्टच्या दिवशी यादीतला ४० वा खेळाडू १२ वा गेला तर लगेच ‘रीच’ (लायकीपेक्षा वर घेतला) म्हणून मोकळे होऊ नका, त्याच टीमचे दुसरा आणि तिसरा राउंड होऊ द्या, कुणी मोठ्या नावाचा हायस्कूल पोरगा तिथे उतरतोय का बघा. ११ व्या राउंडपासून दीड लाख डॉलरपर्यंतचा बोनस पूलमध्ये धरत नाहीत, त्यापेक्षा जास्त दिला तर वरची रक्कमच मोजतात, त्यामुळे पूलमध्ये शिल्लक असेल तर तिथेही एखादं महाग नाव निघतं. मग जुलैच्या शेवटी साइन करायची मुदत संपली की शीट परत उघडा आणि शेवटच्या रकान्यात प्रत्येकाचा खरा बोनस भरा.