वाचनाची नोंद कशी ठेवायची आणि पुढचं पुस्तक कसं ठरवायचं

जानेवारीत नवी डायरी, पहिल्या पानावर "यावर्षी 50 पुस्तकं", आणि मार्च येईपर्यंत त्याच डायरीत दुधाचा आणि पेपरचा हिशोब. बहुतेक घरात हेच होतं. त्यात आकडा धरून बसलं की माणूस नकळत बारकी पुस्तकं उचलायला लागतो, सहाशे पानांची कादंबरी कपाटातच राहते कारण तेवढ्यात बाकीची चार होतील ना. म्हणून माझं म्हणणं असं की किती वाचली हे सोडून द्या, पुस्तक आपल्यापर्यंत कुणामुळे आलं आणि आपण कुठे थांबलो हे लिहा, पुढे काय वाचायचं ते बरंचसं त्यातूनच कळतं.

आधी वही की शीट ते ठरवा

साधी शंभर पानी वही चालते. फोन हातातच असतो त्यांनी गुगल शीट करावी. गुडरीड्स, स्टोरीग्राफ वगैरे वाचनाची नोंद ठेवायची ॲप इंग्रजी पुस्तकांना झकास आहेत पण मराठीचं तिथे जरा अवघडच, एकच पुस्तक एकदा देवनागरीत, एकदा रोमन लिपीत, आणि जुनी आवृत्ती असेल तर बऱ्याचदा सापडतच नाही, जुन्या पुस्तकांवर आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) नसतोच त्यामुळे बारकोड स्कॅनचा विषयच संपला. आधीपासून गुडरीड्सवर असाल तर तिथली सगळी नोंद सीएसव्ही फाइल (शीटमध्ये उघडणारा साधा तक्ता) म्हणून बाहेर काढता येते, ती काढा आणि शीटमध्ये टाका, घातलेली मेहनत वाया जात नाही.

शीट उघडल्यावर पहिलं काम म्हणजे फाइल मेनूतल्या सेटिंगमध्ये जाऊन लोकेल (कुठल्या देशाच्या पद्धतीने तारीख धरायची ते) भारत करा. ते अमेरिका असेल तर 5/4 लिहिलं की 5 एप्रिलचं 4 मे होतं आणि नंतर तारखेप्रमाणे लावायला गेलात की सगळा गोंधळ.

रकाने कमीच ठेवा

नाव, लेखक, अनुवादक, पहिल्या आवृत्तीचं साल, कुणामुळे, कुठून (विकत, वाचनालय, उसनं), सुरू, संपलं किंवा सोडलं, आणि शेवटी दोन ओळी. बस. रंग, स्टार, इमोजी हे सगळं पहिल्या आठवड्यात भारी वाटतं, नंतर त्याचाच कंटाळा येऊन नोंद बंद पडते.

लेखकाचं नाव एकाच पद्धतीने लिहायचं हे मात्र कटाक्षाने पाळा. आद्याक्षरांमध्ये एकदा स्पेस दिली, एकदा नाही दिली, एकदा पूर्ण नाव लिहिलं, की फिल्टर लावल्यावर शीट त्यांना तीन वेगळी माणसं समजते. मी आडनाव आधी लिहिते, शोधायला सोपं जातं.

साल बघताना घाई करू नका. सुरुवातीच्या पानांवर, जिथे प्रकाशक, मुद्रक, किंमत असतं तिथे पहिली आवृत्ती आणि नंतरची पुनर्मुद्रणं वेगवेगळी दिलेली असतात, आपल्याला पहिली हवी. हा रकाना भरायला लागलात की सहा महिन्यांनी लक्षात येतं की आपण सगळं एकाच काळातलं वाचतोय, एकतर सगळं साठ-सत्तरच्या दशकातलं नाहीतर सगळं गेल्या चार-पाच वर्षांतलं.

आणि अनुवादकाचा रकाना मराठी वाचकाने ठेवलाच पाहिजे, कारण आपल्याकडे अनुवादित पुस्तकं भरपूर वाचली जातात आणि अनुवादक कोण होतं ते विचारलं तर डोकं खाजवावं लागतं. कन्नड कादंबरीकार भैरप्पांच्या कादंबऱ्या मराठीत ज्यांनी वाचल्या त्यांनी बहुतेक वेळा उमा कुलकर्णींचं मराठी वाचलेलं असतं. त्यांचं नाव लिहून ठेवलं की कन्नडमधून त्यांनी आणखी काय आणलंय ते शोधता येतं, लगेच पुढच्या चार पुस्तकांची सोय.

नोंद कधी करायची

पुस्तक हातात आलं त्या दिवशी अर्धी ओळ, हातातून गेलं त्या दिवशी उरलेली. रोज लिहायची गरज नाही. रोज पानं मोजण्याचा उद्योग फक्त एक आठवडा करा, आपला वेग कळण्यापुरता. रात्री झोपताना कुठल्या पानावर आहोत ते पेन्सिलने बारीक टिंब करून ठेवायचं (वाचनालयाच्या पुस्तकावर नको, तिथे चिठ्ठी घाला) आणि आठवड्याच्या शेवटी सरासरी काढायची. समजा रोजची 20 पानं निघाली, तर 300 पानांच्या पुस्तकाला 15 दिवस, मग वाचनालयाची मुदत किती आहे ते बघून एका वेळी दोन आणायची का एक ते आपोआप ठरतं. डोंबिवलीहून सीएसएमटीला उभ्याने जाणाऱ्याचा वेग आणि रिटायर माणसाचा दुपारचा वेग यांची तुलना करू नका, लोकलमध्ये एका हाताने जाड पुस्तक धरून वाचताच येत नाही, तिथे ऑडिओबुक किंवा फोनवरचं ईबुक बरं. ऑडिओला पानं नसतात म्हणून तास लिहा, आणि हो, ऐकलेलं पण वाचलेलंच धरायचं, यावर लोक उगाच वाद घालतात.

सोडलेलं पुस्तक जास्त नीट लिहा

पूर्ण झालेल्या पुस्तकाबद्दल दोन ओळी पुरतात, अर्धवट राहिलेल्याबद्दल कारण लिहा. "बोअर झालं" हे कारण नाही. अशी नोंद हवी:

*अनुवादित कादंबरी, वाचनालय, 12 जूनला सुरू, पान 140 ला सोडली. पात्रांची नावं सारखी सारखी, कोण कुणाचा मुलगा कळेना. टाइप बारीक. गोष्ट चांगली आहे, मोठ्या टाइपातली मिळाली तर परत घेईन, या वेळी घराण्याचा तक्ता काढत वाचायचं.*

अशा पाच-सहा नोंदी झाल्या की त्या एकत्र वाचा. कधी दिसतं की जाड पुस्तकं आपण पावसाळ्यातच पुरी करतो, कधी दिसतं की आत्मचरित्रं सगळी बालपण संपलं की सुटतात. कधी कधी तर पुस्तकात काही दोष नसतो, नुसता चष्म्याचा नंबर वाढलेला असतो.

दिवाळी अंकांचं वेगळं पान

1909 साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी वाचकाच्या डोक्यावर हा एक ढीग दरवर्षी असतोच. अंक पूर्ण कुणी वाचत नाही त्यामुळे "वाचला" असं लिहिणं म्हणजे थाप. त्याऐवजी अनुक्रमणिकेवरच खुणा करा, वाचलेल्यावर बरोबरची खूण, आवडलेल्यावर गोल. आणि फक्त गोल केलेल्यांची नावं वहीत उतरवा, लेखक आणि विषय एवढंच. पुढच्या वर्षासाठी नवे लेखक शोधायला याहून स्वस्त जागा मला तरी माहीत नाही, एका अंकात वीस-पंचवीस जण चाखून बघता येतात. बऱ्याच वाचनालयांत दिवाळी अंकांची योजना असते, थोडे पैसे भरून भरपूर अंक आलटून पालटून वाचायला मिळतात, विकत घेऊन घरात रचण्यापेक्षा ते बरं. होळीपर्यंत ज्या अंकाचं पान उलटलं नाही तो कुणाला तरी देऊन टाका.

आता पुढचं पुस्तक

रांग तीनचीच ठेवा. एक जाड, जे घरी बसून वाचायचं, एक बारकं, जे शनिवार-रविवारात संपेल, आणि एक कुठूनही उघडता येणारं, कविता, लेख, पत्रं असं काहीतरी. बाकी सगळी इच्छा-यादी वहीच्या मागच्या बाजूने सुरू करा, तारीख आणि कुणी सांगितलं ते लिहून.

रांगेतली जागा रिकामी झाली की आधी "कुणामुळे" हा रकाना बघायचा. त्यात चित्र फार स्पष्ट असतं, एखाद्या मैत्रिणीने सांगितलेली सगळी पुरी झालेली असतात आणि रीलमध्ये बघून मागवलेली निम्मी सोडलेली असतात. मग त्या मैत्रिणीला फोन करा, सरळ विचारा सध्या काय वाचतेस. फोन करायला कुणी नसेल तर नुकत्याच आवडलेल्या पुस्तकाची प्रस्तावना आणि मागची संदर्भसूची काढा, तिथे लेखकाने स्वतः काय वाचलं ते दिलेलं असतं. एखाद्या विषयाचं एक पुस्तक आवडलं असेल तर लगेच दुसरं त्याच सुरातलं घेऊ नका, त्याच विषयावर उलट मत असणारं शोधा, दोन्ही पुस्तकं जास्त लक्षात राहतात.

इच्छा-यादीत वर्षभर पडून राहिलेलं नाव खोडायचं, मग ते कितीही थोर पुस्तक असो. खरंच वाचायचं असेल तर ते कुठूनतरी परत समोर येतं, तेव्हा नव्या तारखेने लिहा. पुस्तक प्रदर्शनाला जाताना ही यादी आणि तीनची रांग दोन्हींचा फोटो फोनमध्ये हवाच, 20 टक्के सूट बघितली की आपल्याकडे एखादं पुस्तक आधीच आहे हे हमखास विसरायला होतं. एकाच घरात एकाच कादंबरीच्या दोन-दोन प्रती मी बघितल्यात. भिलारला जाणार असाल तर मात्र यादी घरी ठेवून जा, पाचगणी-महाबळेश्वरच्या मधल्या त्या पुस्तकांच्या गावात घराघरांत पुस्तकं मांडलेली आहेत, तिथे हाताला लागेल ते घेऊन बसायचं.

शेवटचा एक रकाना, उसनी दिलेली. कुणाला, कधी. आणि देताना त्यांच्यासमोरच लिहायचं, म्हणजे पुस्तक परत यायची शक्यता बरीच वाढते.